खेळांतलीं भावंडें

नात्यांच्या बाबतींत मराठी भाषा मोठी काटेकोर आहे. बापाचा भाऊ चुलता आणि आईचा भाऊ मामा, बापाची बहीण आत्या आणि आईची बहीण मावशी. नवऱ्याचा भाऊ दीर, दिराची बायको जाऊ. दोन बहिणींचे नवरे परस्परांचे साडू, आणि मुलामुलींच्या लग्नानें जोडले गेलेले दोन बाप एकमेकांचे व्याही. इंग्रजींत यांतील पुष्कळ नात्यांना मिळून एकच शब्द पुरतो. परंतु एवढ्या बंदिस्त कोटालाहि आपल्या भाषेनें एक लहानसा दिंडीदरवाजा ठेविला आहे, आणि तो म्हणजे ‘मानलेला’ हा शब्द. मानलेला भाऊ, मानलेली बहीण, मानलेली आई. रक्ताचा, लग्नाचा अथवा दत्तविधानाचा कोणताहि आधार नसतां केवळ मनाच्या एका क्रियेनें हीं नातीं जन्मास येतात, आणि समाज थोडेसें हंसून कां होईना, त्यांना मान्यता देतो. भाऊबीजेच्या दिवशीं मानलेल्या भावासाठीं पाट मांडणारी बहीण अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत कोणत्याहि गांवांत आढळेल, व तिला ‘हा तुझा कोण?’ असें विचारण्याचा आगाऊपणा कोणी करणार नाहीं.

या मानलेल्या नात्यांना आज एक असें क्षेत्र लाभलें आहे कीं, ज्याची कल्पना आमच्या वडीलधाऱ्यांना येणें शक्य नव्हतें. तें क्षेत्र म्हणजे संगणकावर व मोबाइलवर खेळले जाणारे भूमिकांचे खेळ. त्यांत परस्परांस कधीं न भेटलेलीं माणसें एकमेकांचीं भावंडें होतात, कोणी कोणास दत्तक घेतें, आणि पाहतां पाहतां एक कुटुंब उभें राहतें. या प्रकाराविषयीं आपल्या सुशिक्षित घरांत दोनच मतें ऐकूं येतात. पहिलें मत आईबापांचें : पोरगा सख्ख्या चुलतभावाशीं चार शब्द बोलत नाहीं आणि कोठल्या अनोळख्याला रात्रीं बारा वाजतां ‘दादा’ म्हणून हांका मारतो, हें सारें खोटें आहे. दुसरें मत मुलांचें : तुम्हांला यांतलें कांहीं कळत नाहीं. वादाचीं हीं दोन्ही टोंकें आम्हांला सारखींच निरुपयोगी वाटतात. एखाद्या कलाकृतीस जे प्रश्न विचारावयाचे तेच या नात्यांनाहि विचारून पाहावे, त्यांची घडण कशी होते, त्यांत खरें किती व सोंग किती, आणि त्यांची कसोटी कोणती, हें शोधावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

ज्या वाचकांना या खेळांचा परिचय नसेल त्यांच्यासाठीं थोडी पूर्वपीठिका सांगणें अवश्य आहे. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनीं ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नांवाचा खेळ प्रसिद्ध केला. मेजाभोंवतीं बसून प्रत्येकानें एकेक पात्र घ्यावें, एकानें सूत्रधार व्हावें, आणि सर्वांनीं मिळून बोलतां बोलतां एक कथा रचावी, असें त्याचें स्वरूप होतें. १९७८ सालीं इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठांत रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्यानें अशा जगाची रचना संगणकावर केली व रिचर्ड बार्टल यानें ती पुढें नेली. त्या जगांत चित्र नव्हतें. सारें केवळ शब्दांत होतें. पुढें १९९७ सालीं ‘अल्टिमा ऑनलाइन’ आणि २००४ सालीं ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ असे सचित्र व विस्तीर्ण खेळ निघाले. या दुसऱ्या खेळाच्या वर्गणीदारांची संख्या २०१० सालीं एक कोटी वीस लाखांवर गेली होती. खेळाडूंच्या मंडळीला तेथें ‘गिल्ड’ म्हणतात. कांहीं मंडळ्या केवळ लढाया जिंकण्यासाठीं एकत्र येतात. परंतु कांहीं अशा असतात कीं, त्यांत लढाई गौण आणि पात्राचें बोलणेंचालणें, त्याचा पूर्वेतिहास, त्याचीं सुखदुःखें हीं मुख्य. आपल्याकडे २०१६ नंतर मोबाइलवरचें इंटरनेट स्वस्त झालें आणि हें जग खेड्यांतील माजघरापर्यंत येऊन पोंचलें. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ या खेळाच्या पांचव्या भागावर उभारलेल्या काल्पनिक शहरांत कोणी पोलीस होतो, कोणी डॉक्टर, कोणी गुंडांचा नायक. आणि त्यांचा तो अलिखित नाट्यप्रयोग यूट्यूबवर पाहण्यास प्रेक्षकहि असतात.

आतां या खेळांतील भावंडांचे दोन प्रकार नीट वेगळे केले पाहिजेत, कारण बहुतेक गोंधळ ते एकत्र केल्यामुळेंच होतो. पहिला प्रकार पात्रांच्या नात्याचा. एका खेळाडूनें आपल्या पात्राची कथा रचतांना ‘माझा धाकटा भाऊ लहानपणीं ताटातूट होऊन हरवला’ असें लिहून ठेवावें, आणि दुसऱ्यानें ‘तो भाऊ मीच’ म्हणून प्रवेश करावा. हें नाटकांतलें नातें आहे. त्याची योग्यायोग्यता कथानकाच्या सोयीनें ठरते. दुसरा प्रकार खेळाडूंच्या नात्याचा. नवख्याला कोणी रस्ता दाखवितो, संकटांत त्याच्यासाठीं थांबतो, त्याच्या चुका पोटांत घालतो. असे कांहीं महिने लोटले म्हणजे एके दिवशीं तो नवखा सहज ‘दादा’ म्हणून जातो, आणि तो शब्द चिकटतो. येथें नातें आधीं कोणी लिहून ठेवलेलें नसतें. सहवास आधीं घडतो, नांव मागाहून येतें.

खेळांत नातीं लावणें ही गोष्ट आपल्याला नवी आहे काय? मुळींच नाहीं. भातुकली हा भूमिकांचाच खेळ आहे. बाहुला-बाहुलीच्या लग्नांत दोन घरच्या मुली एका दुपारपुरत्या विहिणी होतात व मानपानावरून रुसतातहि. मंगळागौरीच्या जागरणांत सासू-सून, नणंद-भावजय यांच्या भांडणाचीं सोंगें रात्रभर चालतात, आणि कित्येक सुनांना जें दिवसा बोलतां येत नाहीं तें रात्रीं सोंगाच्या आडून बोलून घेतां येतें. परंतु या जुन्या खेळांत आणि नव्या खेळांत एक महत्त्वाचा भेद आहे. भातुकलींत नातें आयतें मिळतें आणि माणसें बदलतात. आज जी सासू झाली ती उद्यां सून होते. तो खेळ म्हणजे घरांत चालत आलेल्या व्यवस्थेची रंगीत तालीम आहे. नव्या खेळांत मात्र माणूस तोच राहतो, आणि त्याच्यासाठीं नातें शोधावें लागतें. त्याला जवळचें रूप पाहावयाचें असेल तर तें भातुकलींत न पाहतां मासेमारीच्या होडींत पाहावें. रेवदंड्याच्या अथवा मुरूडच्या बंदरांतून होडी बाहेर पडली कीं तांडेल आणि खलाशी यांना दिवस दिवस एकाच फळीवर जेवावें-झोंपावें लागतें, आणि वादळांत एकानें हात सोडला तर सर्वांच्याच जिवावर बेततें. अशा ठिकाणीं कुळाचा भाऊ आणि कामाचा भाऊ यांतील रेषा आपोआप पुसट होते. खेळांतील संकटें खोटीं असतात हें खरें. परंतु त्या खोट्या संकटांत कोण थांबला आणि कोण पळाला, हें कांहीं खोटें नसतें. खेळाडूला माणसाची पारख तेथेंच होते.

या प्रश्नाचा फार खोल विचार आपल्या वाङ्मयांत एके ठिकाणीं झालेला आहे. महाभारतांतील विराटपर्व म्हणजे भूमिकांच्या खेळाचें पर्व होय. अज्ञातवासाच्या वर्षांत पांच भाऊ व त्यांची पत्नी परस्परांस परके असल्याचें सोंग घेऊन एकाच राजवाड्यांत राहतात. धर्मराज कंक होऊन फांसे टाकतो, भीम बल्लव होऊन पाकशाळा सांभाळतो, द्रौपदी सैरंध्री होते, आणि अर्जुन बृहन्नडा होऊन राजकन्या उत्तरेला नृत्य-गायन शिकवितो. आजच्या खेळांत परके भावंडें होतात, तेथें भावंडें परकीं झालीं, एवढाच फरक. आणि सोंग कितीहि पक्कें असलें तरी खरें नातें तें फोडून बाहेर येतें. कीचकानें द्रौपदीची विटंबना केली तेव्हां बल्लवाला भीम झाल्यावांचून राहवलें नाहीं.

पण आमच्या विषयाच्या दृष्टीनें त्याहून मोलाचा प्रसंग पर्वाच्या अखेरीस आहे. वर्ष संपतें, सोंगें उतरतात, आणि विराट राजा कृतज्ञतेनें आपली कन्या उत्तरा अर्जुनाला देऊं करतो. अर्जुन ती पत्नी म्हणून स्वीकारीत नाहीं. वर्षभर अंतःपुरांत ती आपल्याशीं पित्याप्रमाणें व आचार्याप्रमाणें विश्वासानें वागली, म्हणून तिला आपण सून म्हणून स्वीकारूं, असें सांगून तो तिचा विवाह अभिमन्यूशीं लावतो. बृहन्नडा हें सोंग होतें. त्या सोंगाच्या आधारानें जुळलेलें गुरु-शिष्येचें नातेंहि, काटेकोर बुद्धीनें पाहिलें तर, सोंगांतलेंच म्हणावें लागेल. ‘तो मी नव्हतोंच, तो माझा वेष होता’ असें म्हणण्यास अर्जुनाला पूर्ण सवड होती, आणि कोणी त्याला दोषहि दिला नसता. परंतु समोरच्या मुलीचा विश्वास सोंग नव्हता, आणि त्या विश्वासाची जबाबदारी वेषाबरोबर उतरवून ठेवतां येत नाहीं, हें त्यानें जाणलें. खेळांतल्या नात्याची कसोटी आम्हांला येथें सांपडते. खेळ चालू असतां कोणी कोणाला काय म्हटलें याला फारसा अर्थ नाहीं. खेळ थांबल्यावर त्या शब्दानें कोणास कशानें बांधलें, हें पाहावयाचें.

रंगभूमीच्या इतिहासाकडे पाहिलें तर हीच कसोटी दुसऱ्या रूपानें दिसते. किर्लोस्कर, ललितकलादर्श, गंधर्व इत्यादि नाटक मंडळ्या म्हणजे फिरतीं बिऱ्हाडेंच होतीं. एका पंक्तीला जेवण, एका छपराखालीं झोंप, मुक्काम हलला कीं सर्वांचीच निघण्याची घाई. लहान वयांत घर सोडून आलेलीं मुलें त्या बिऱ्हाडांतच वाढत. रंगमंचावर जीं नातीं असत तीं नाटककारानें ठरविलेलीं. पडद्यामागें जीं जुळत तीं मंडळींतील माणसांनीं. पुढें पडदा होता म्हणून या दोहोंची सरमिसळ होत नसे. भिंतीसारखी त्या पडद्याची राखण असे. ऑनलाइन खेळांत असा पडदा नाहीं. पात्राच्याच तोंडून खेळाडूहि बोलतो, आणि ‘आज माझें मन बरें नाहीं’ हें वाक्य पात्राचें कीं माणसाचें, हें ऐकणाऱ्यानें ओळखावें लागतें. या खेळांची गोडी त्यांतच आहे आणि धोकाहि त्यांतच आहे. मंगळागौरीच्या सुनेप्रमाणें कित्येकांना येथें सोंगाच्या आडून खरें बोलतां येतें. उलट कित्येकांना ‘दादा’ या शब्दाच्या आडून खोटें वागतांहि येतें.

गोडीचें उत्तम उदाहरण नॉर्वे देशांतील मॅट्स स्टीन या तरुणाचें आहे. त्याच्यावर बेंजामिन री या दिग्दर्शकानें तयार केलेला ‘द रिमार्केबल लाइफ ऑफ इबेलिन’ हा माहितीपट २०२४ सालीं प्रसिद्ध झाला. स्टीन याला स्नायू क्षीण करीत नेणारा असाध्य आजार होता. चाकाच्या खुर्चींत त्याचें तारुण्य गेलें आणि २०१४ सालीं पंचविसाव्या वर्षीं तो वारला. आपला मुलगा खोलींत एकटा पडला, त्याला मित्र नाहींत, प्रेम नाहीं, कोणाच्या उपयोगीं पडणें नाहीं, हेंच आईबापांचें मोठें दुःख होतें. त्याच्या मृत्यूचें वृत्त बापानें त्याच्याच दैनंदिनीच्या पानावर लिहिलें, आणि निरनिराळ्या देशांतून पत्रांचा ओघ सुरू झाला. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्यें ‘इबेलिन’ या नांवानें तो वर्षानुवर्षें वावरला होता. एका मुलीचा संगणक घरच्यांनीं काढून घेतला तेव्हां त्यानें तिच्या आईबापांना पत्र लिहिलें होतें. स्पर्श सहन न होणाऱ्या मुलाच्या आईला खेळाच्या वाटेनें मुलाच्या जवळ जाण्याचा उपाय सुचविला होता. त्याच्या मंडळींतले कांहीं जण परदेशांतून त्याच्या अंत्यविधीला आले. अर्जुनाची कसोटी येथें लावून पाहावी : वेष उतरला, खेळणारा गेला, तरीहि त्या शब्दानें माणसांना प्रवासास लावलें.

चित्रपट म्हणूनहि या कृतीचें एक वैशिष्ट्य सांगितलें पाहिजे. खेळांत टंकिलेल्या संभाषणांच्या नोंदी मंडळीनें जपून ठेवल्या होत्या. त्यांवरून दिग्दर्शकानें ते प्रसंग खेळाच्याच चित्रभाषेंत पुन्हां उभे केले आहेत. चरित्रनायक देवमाणूस म्हणून रंगविलेला नाहीं. त्यानें आपला आजार पुष्कळ काळ सोबत्यांपासून लपविला, कित्येकांना दुखविलें, हेंहि दाखविलें आहे. तथापि एक आक्षेप आम्ही घेऊं. चित्रपट पाहून उठणारा प्रेक्षक, आईबापांना मुलगा कळला नाहीं आणि मित्रांना कळला, एवढेंच मनांत घेऊन जाण्याचा संभव आहे, आणि तें अपुरें आहे. त्या मुलाला रोज उचलून खुर्चींत बसविणारे, जेवूं घालणारे, रात्रीं कूस बदलून देणारे हात खेळांतल्या भावंडांचे असणें शक्यच नव्हतें. इबेलिन ज्या जगांत धांवत होता त्या जगाच्या खालीं घरचा एक जागता पहारा होता. खेळांतलें कुटुंब बहुधा अशा एखाद्या घराच्या खांद्यावर उभें असतें. खांद्यावर उभ्या राहिलेल्याला दूरचें दिसतें हें कबूल. पण खांदा कोणाचा, हेंहि विसरूं नये.

आतां दोषांकडे वळूं. पहिला दोष खेळ करणाऱ्या कंपन्यांचा. माणसें नातीं जोडतात हें ध्यानांत येतांच त्यांनीं नात्यांचें दुकान मांडलें. ‘रॅग्नारोक ऑनलाइन’ या कोरियन खेळांत विवाहित जोडप्याला दुसऱ्या खेळाडूचें पात्र दत्तक घेतां येतें, व तें पात्र आकारानें लहान होतें. चीनमधील खेळांत शपथ घेऊन भाऊ होण्याचे विधि आहेत. त्यांच्यामागें निदान ‘तीन राज्यां’च्या जुन्या कादंबरींतील तीन वीरांच्या बंधुत्वाची परंपरा तरी आहे. ‘फायनल फँटसी १४’ या जपानी खेळांत दोघांच्या चिरबंधनाचा समारंभ करतां येतो. साधा समारंभ फुकट, थाटाचा पैसे देऊन. पबजीच्या मोबाइल खेळांत तर, तो भूमिकांचा खेळ नसूनहि, एकत्र खेळल्यानें व भेटी पाठविल्यानें दोघांमधील स्नेहाचा आंकडा वाढतो, आणि तो पुरेसा झाला म्हणजे नात्याचें नांव निवडावयास मिळतें. कोणी म्हणेल, भाऊबीजेलाहि ताटांत पैसे पडतातच कीं! पडतात. पण ती ओवाळणी बहिणीच्या हातीं जाते. येथें ती दुकानदाराच्या गल्ल्यांत जाते. शिवाय आपल्या बहिणीनें भावाच्या प्रेमाचा आंकडा कपाळीं लिहून घेतल्याचें ऐकिवांत नाहीं. नातें मोजूं लागलें कीं माणूस नात्यापेक्षां मापाचीच काळजी अधिक करूं लागतो.

दुसरा दोष घडणीचा. या कुटुंबांकडे टीकाकाराच्या दृष्टीनें पाहिलें तर तीं फार सपाट वाटतात. भाऊ, बहीण, क्वचित् आई अथवा बाप, येथेंच नात्यांची यादी बहुधा संपते. आत्या नाहीं, जाऊ नाहीं, साडू नाहीं, व्याही नाहीं. मन राखून बोलावें लागेल, पण सोडून जातां येणार नाहीं, असें एकहि माणूस त्यांत नाहीं. ज्याला कोणी निवडलें नाहीं तो त्या घरांत येऊंच शकत नाहीं. आपल्या कुटुंबाचें शिक्षण तर न निवडलेल्या माणसांकडूनच अधिक होतें. चौल-नागांवकडे नारळी-पोफळीच्या वाडीच्या बांधावरून वर्षानुवर्षें कोर्टांत भांडणारे चुलतभाऊ आढळतील. एकमेकांच्या अंगणांत ते पाऊल टाकणार नाहींत. पण एकाच्या घरीं मृत्यु झाला तर दुसऱ्याच्या घरींहि सुतक येतें, आणि तो तें पाळतो. हें दृश्य कोणी सुंदर म्हणणार नाहीं. तरी पण रागावर मात करणारें कांहींतरी त्यांत आहे, आणि तें आपखुशीच्या नात्यांत सहजासहजीं येत नाहीं. खेळांतल्या कुटुंबांत भांडण झालें तर एक कळ दाबून घराबाहेर पडतां येतें, नवें नांव घेऊन दुसऱ्या घरीं भाऊ होतां येतें. सोडणें इतकें सोपें असतां जो सोडीत नाहीं त्याचें मोल अधिक, हेंहि आम्हांला मान्य आहे. परंतु असे थोडे.

तिसरा धोका सर्वांत मोठा, आणि तो आईबापांनीं डोळ्याआड करूं नये. पडदा नसल्यामुळें बोलणारा बारा वर्षांचा आहे कीं बेचाळीस वर्षांचा, हें कळत नाहीं. ‘दादा’, ‘ताई’ हे शब्द आपल्याकडे इतके पवित्र मानलेले आहेत कीं, ते कानीं पडतांच मुलाचा संशय निजतो. ज्याला विश्वासघात करावयाचा तो हाच दरवाजा आधीं ठोठावतो. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा संमत केला. पैशाच्या जुगाराला कायद्यानें आळा घालतां येईल. विश्वासाच्या जुगारापुढें कायद्याचा हात तोकडा पडतो. तेथें घरांतल्याच माणसांनीं जवळ बसलें पाहिजे, आणि जवळ बसावयाचें तर आधीं थट्टा थांबविली पाहिजे. ज्या मुलाच्या ‘दादा’ची घरांत टवाळी होते तो मुलगा त्या दादाविषयीं घरांत पुन्हां अक्षर बोलणार नाहीं, मग दादा सज्जन असो वा लबाड.

यावर आमच्या किनाऱ्यावरील एखादा अनुभवी गृहस्थ म्हणेल, ‘हें सगळें तारेवरचें नातें, तार तुटली कीं नातें तुटलें.’ त्याच्या म्हणण्यांत तथ्य आहे. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर चालून आलें. श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग या तालुक्यांत घरांचीं छपरें उडालीं, वाड्यांतील माड-पोफळी आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले, मोबाइल मुके झाले. त्या दिवसांत उपयोगीं पडला तो कुऱ्हाड घेऊन येणारा शेजारी आणि अर्धी ताडपत्री देणारी शेजारीण. पण न्यायानें बोलावयाचें तर त्या घटकेस मुंबईंतला सख्खा भाऊहि खेळांतल्या भावाइतकाच दूर होता. टाळेबंदी असल्यामुळें त्याला खाडी ओलांडून येणेंहि अवघड होतें. कोंकणच्या माणसाला दूरचें नातें नवें नाहीं. चाकरमानी मुंबईला, घरचीं माणसें गांवीं, आणि मध्यें पत्र अथवा मनिऑर्डर, असा संसार पिढ्यानुपिढ्या चालला, आणि त्याला कोणी खोटा म्हटलें नाहीं. अंतरानें नातें खोटें होत नाहीं. तार पुन्हां जुळल्यावर पहिला आवाज कोणाचा आला, आणि ‘कसे आहांत?’ एवढ्यावर न थांबतां पुढें त्यानें काय केलें, यावरून दूरच्या माणसाची परीक्षा होते. ही परीक्षा सख्ख्याला आणि मानलेल्याला सारखीच आहे.

म्हणून आमच्या मतें हा वाद ‘खरें नातें कीं खोटें नातें’ अशा शब्दांत घालणें व्यर्थ आहे. रक्ताचें नातें असून कुंतीला कर्णानें माघारीं धाडलें, कारण ज्या राधेनें त्याला वाढविलें तिचा मुलगा म्हणवून घेण्यांतच त्याला आपलें सत्य दिसत होतें. पण कर्णाचा हा दाखला देणाऱ्या मुलांनीं त्याचा उत्तरार्धहि वाचावा. कर्णानें राधेचें नातें नुसतें तोंडानें मानलें नाहीं. राज्य आणि थोरलेपणा समोर चालून आलेला असतां तो सोडून त्यानें त्या नात्याची किंमत भरली. ‘मानणें’ हें क्रियापद मराठींत फार सोपें वाटतें. परंतु देव मानणारा उपास करतो, शब्द मानणारा तो पाळतो, हार मानणारा शस्त्र खालीं ठेवतो. मानण्याच्या मागोमाग प्रत्येक ठिकाणीं कांहीं करणें येतें. भाऊ मानण्याच्या मागून कांहींच आलें नाहीं, तर ती केवळ हांक मारण्याची एक रीत झाली.

आपल्या घरांतहि हल्लीं नात्यांचीं माणसें थोडीं झालीं आहेत. एकुलत्या एका मुलाला भाऊ नाहीं, त्याच्या मुलांना चुलता-आत्या नसतील, आणि आपण ज्यांचा अभिमान वाहतों त्या नात्यांच्या नांवांपैकीं कित्येक लौकरच कोशांत जाऊन बसतील. अशा काळांत मुलें भावंडें शोधावयास निघालीं, तर त्यांच्या ओढीला हंसण्यासारखें कांहीं नाहीं. ती ओढ खरी आहे. ती जेथें नेते त्या जागा मात्र निवडून घ्याव्या लागतील. म्हणून ‘तो तुझा कोण लागतो?’ हा प्रश्न आईबापांनीं सोडून द्यावा. त्याऐवजीं जेवतांना सहज विचारावें : तो आजारी पडला होता तेव्हां तूं काय केलेंस? तूं परीक्षेंत नापास झालास तेव्हां तो काय म्हणाला? तुझ्यासाठीं त्यानें कधीं खेळ अर्धा टाकला काय, आणि त्याच्यासाठीं तूं? उत्तरें ऐकून घ्यावीं. त्यांवरून त्या दूरच्या माणसाविषयीं बरेंच कळेल, आणि आपल्या मुलाविषयीं त्याहून अधिक.